पाहुणे : एक

ट्रिपशीटवर मालकानं लिहिलं होतं :
गाडी बोलेरो, ड्रायव्हर दस्तगीर,
पाहुणे एक, देश फिनलंड,
काम — आणि तिथं पेन थांबलेलं.
दगडफूल बघायला कुणी विमानानं येतं
हे कागदावर लिहायचं कसं?

ऐनोबाई पुढच्या सीटवर बसल्या.
मागं बसा म्हटलं, तर हसल्या.
गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग,
बुटांना अजून त्यांच्याकडचाच चिखल वाळलेला.

चांदोलीच्या अलीकडं पहिल्यांदा गाडी थांबवली.
ओल एवढी, की काचेला आतूनच पाणी सुटलेलं.
अंजनीच्या खोडाला नाक लावून त्या उभ्या,
तान्ह्या पोराची टाळू हुंगावी तशा.
वीस मिनिटं, एका झाडाला.
मागनं एक गवा रस्ता ओलांडून गेला,
त्याच्याकडं मानसुद्धा वळवली नाही.

इंग्रजी मोडकं, त्यांचंही नि माझंही,
म्हणून तर जमलं.
म्हणाल्या, हे झाड नाही, शेवाळही नाही,
दोघं जण एका अंगात राहतात.
एक घर बांधतो, एक रांधतो.
"भांडत नाहीत?" मी विचारलं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शिराळ्यात रश्शाचा पहिला घोट,
आणि चमचा हवेतच राहिला.
डोळ्यांत पाणी, तिखटाचं, पण नुसतं तिखटाचं नव्हे.
"हे यात आहे!"
आचारी बाहेर आला, कोपरापर्यंत पीठ,
डब्यातला मूठभर काळपट चुरा टेबलावर ओतून म्हणाला,
मसाल्यात हे नसलं बाई, तर काय, लाल पाणी.
त्यांच्याकडं म्हणे रेनडियर खातात, बर्फ उकरून.
मग पाठवा त्यांना, आचारी म्हणाला, बसवतो पंगतीला.

पुढं पेठनाका. ऊस, ऊस, ट्रॉलीमागं ट्रॉली.
कृष्णेच्या पुलावर त्यांनी काच खाली घेतली
आणि काही बोलल्या नाहीत.
तासगावला बेदाण्याच्या शेडपाशी
भिंतीवरनं, बांधावरनं भिंग फिरवलं,
गंधकाचा वास घशात बसला.
इथं नाही, म्हणाल्या.
हवा खोकायला लागली, की ते आधी निघून जातं.

कवठेमहांकाळ सोडलं, तशी झाडं खाली बसत गेली,
आधी कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी.
मी पेठनाक्याचा. मुंबई बघितली, बेळगाव, एकदा सुरत.
जतच्या पुढं कधी चाक नेलं नव्हतं.
जिल्हा माझाच. लाइटबिलावर तोच छापलेला.

संखच्या अलीकडं, एका वस्तीजवळ,
त्या तापल्या खडकावर पोटावर आडव्या झाल्या.
नखाएवढा नारिंगी डाग.
माझ्या आज्यापेक्षा थोरला असंल, म्हणाल्या.
तेवढ्यात वैरणीचा भारा घेऊन म्हातारी आली, नीलव्वा.
"यल्लिंद बंदीरी?"

ऐनोबाईंनी माझ्याकडं बघितलं.
सकाळपासनं त्या अशाच बघत आलेल्या,
आणि मी सांगत आलेलो —
हा जोंधळा, हा लिंब, ही वरात, हा टोलनाका.
आता तोंड उघडलं, तर आत काहीच नव्हतं.

म्हातारीनंच मग भाषा बदलली,
खांद्यावरचा भारा बदलावा तशी.
"कुठनं आलासा?"
ह्या फिनलंडच्या. मी पेठनाक्याचा.
तिनं आळीपाळीनं दोघांना निरखलं,
कोण जास्त दमलंय ते पारखल्यागत.
"लई लांबनं आला की रे. कूड्री, कूड्री."
आणि तांब्या आधी माझ्या हातात दिला.

रात्री दीडला, मिरजेच्या पंपावर, ट्रिपशीट भरलं.
किलोमीटर, डिझेल, टोल.
पाहुण्यांपुढं एकचा आकडा होता.
गिरवून गिरवून त्याचा दोन केला.

सकाळी मालकाचा फोन : दुसरा कोण होता?
होता एक, म्हटलं.
त्याच्या जेवणाचे पैसे लावू नका.